पिशवीचा कोपरा

आईचा पाय मुरगळला म्हणून मे महिन्यात तीन आठवडे वेंगुर्ल्याला जाऊन राहिले. चौथ्या की पाचव्या दिवसाची गोष्ट. सकाळी घंटागाडीचा आवाज आला आणि मी घाईघाईने मोरीतली बादली उचलून बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या फाटकापाशी गेले. बादलीत रात्रीच्या आमटीच्या नारळाचा चोथा, चहाचा गाळ, पायरी आंब्यांची सालं आणि बाठे. सगळं ओलं, त्यामुळे मी निर्धास्त होते. गाडीबरोबर आलेली बाई माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान असेल. नऊवारी नाही, साधी सहावारी, तिच्यावर पुरुषी शर्ट चढवलेला, हातात रबरी मोजे. तिने बादली कलती केली, थबकली, आणि चोथ्यात दोन बोटं घालून काहीतरी अलगद उचललं. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. करंगळीच्या नखाएवढा त्रिकोण, त्याला चोथ्याचा एक पांढरा तंतू चिकटलेला. "बाय, ह्यां हयसर नाय," ती म्हणाली. मी म्हटलं, अगं एवढासा तर आहे. त्यावर ती रागावली नाही, हसलीही नाही. "बारीक म्हणान काय झाला? ह्यां गटारात जाता, थंयसून व्हाळात, व्हाळातसून दर्यात." मग माझ्या तोंडाकडे नीट पाहून तिने विचारलं, "तुमी हंयचीच मा?" मी मान डोलावली. "मगे?" असं म्हणून तिने तो त्रिकोण माझ्या तळहातावर ठेवला आणि पुढच्या बेड्याकडे गेली.

मगे?

त्या दिवशी हे दोन अक्षरांचं मालवणी माझ्या कानातून गेलं नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तिना काय वायट सांगल्यान?" वाईट काहीच नव्हतं. आईने मला ओट्यावरची कात्री दाखवली आणि पिशवी कशी कापतात ते शिकवलं, म्हणजे सत्तावन्न वर्षांच्या मुलीला दुधाची पिशवी कापायला शिकवलं. कोपरा पुरता कापायचाच नाही. कात्री टोकाशी थांबवायची, कोपरा पिशवीलाच लटकत ठेवायचा, दूध ओतून झालं की पिशवी विसळून दोरीवर चिमट्याने वाळत घालायची. मागच्या पडवीत दोरीवर पाचसहा पिशव्या कपड्यांसारख्या वाळत होत्या. चार दिवस मी त्या दोरीखालून ये-जा करत होते. माझ्या नजरेत त्या भरल्याच नव्हत्या.

मला खुपलं ते वेगळंच होतं. गेली तीस-पस्तीस वर्षं मी मुंबईकडे राहून वेंगुर्ल्याचा अभिमान मिरवत आले आहे. कुणी गाव विचारलं की माझी कळी खुलते. मी सांगते की आमचं गाव डचांच्या नकाशावर 'मिंग्रेला' म्हणून होतं. १६३७-३८ च्या सुमारास त्यांनी इथे वखार घातली, आणि पोर्तुगीजांच्या गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना पाणी, धान्य, कोंबड्या इथून मिळायच्या. मी सांगते की १६६४ साली बंड झालं म्हणून शिवाजी महाराजांनी हे गाव जाळलं, अकरा वर्षांनी मोगलांनी पुन्हा जाळलं, पुढे सावंतवाडीच्या खेम सावंतांनी भेटीच्या मिषाने जाऊन डचांची वखार लुटली, आंग्र्यांनी येऊन गाव लुटलं, आणि १८१२ साली सावंतवाडीच्या राणीने ते इंग्रजांना देऊन टाकलं. एवढ्यांदा जळून, लुटलं जाऊनही गाव पुन्हा उभं राहिलं, हे सांगताना माझा आवाज अजून चढतो. या सगळ्या गोष्टी खऱ्याच आहेत आणि मला त्या मनापासून आवडतात. पण त्या बाईने विचारलेल्या प्रश्नाला त्यातली एकही गोष्ट उत्तर म्हणून पुढे करता आली नसती.

नाव तरी एक कुठे आहे? कचेरीच्या कागदावर वेंगुर्ला, वर्तमानपत्रात वेंगुर्ले, आणि आमच्या घरात येंगुर्ला. एस्टीच्या पाटीवर काय लिहिलं आहे त्यावरून गाडी कुठल्या आगाराची ते ओळखता येतं असं माझा भाऊ म्हणायचा. मी मुंबईत वेंगुर्ले म्हणते, गावात उतरले की जिभेवर आपोआप येंगुर्ला येतं. या खेपेला आलं नव्हतं. घंटागाडीच्या बाईशी मी पुस्तकी मराठीत बोलले, हे मला संध्याकाळी दिवा लावताना आठवलं.

पाय सुजलेला असला तरी आई घरात बसून सगळ्या गावाची खबर ठेवते. दुपारी जेवणं झाली की पडवीत बाजल्यावर पडायची आणि मला फिरायला पिटाळायची. मग मी निघायचे. गाडीअड्ड्यावरून जाताना मला दर वेळी वाटतं की या नावात गावाची निम्मी बखर भरलेली आहे. आज तिथे रिक्षा आणि दुचाक्या असतात. पण कधी काळी आंबोलीचा घाट उतरून आलेल्या बैलगाड्या इथे सुटायच्या. बेळगावकडचा कापूस, धान्य, मिरची खाली यायची, आणि बंदरावर उतरलेलं मीठ, खोबरं, सुकी मासळी, विलायती कापड वर जायचं. घाटातला रस्ता झाला आणि हे बंदर भरभराटीला आलं. पलटणीही याच वाटेने बेळगावला जायच्या, म्हणून तर एका भागाला आजही कॅम्प म्हणतात. मग १८८८ साली मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंतची रेल्वे पूर्ण झाली. माल तिकडे वळला. एका रेल्वेने वेंगुर्ल्याच्या तोंडचा घास काढून घेतला आणि शंभर वर्षांनी कोकण रेल्वे आली तीही कुडाळ-सावंतवाडीवरूनच गेली. गाव दोन्ही वेळा रुळांपासून दूरच राहिलं. मला पूर्वी याचं फार दुःख व्हायचं. आता संध्याकाळी बंदराच्या धक्क्यावर बसलं आणि दीपगृहाच्या डोंगरामागे ऊन उतरताना दिसलं की वाटतं, रेल्वे आली असती तर हा धक्का असा निवांत राहिला असता का? आणि लगेच स्वतःलाच दटावते. निवांतपणा माझ्यासारख्या तीन आठवड्यांसाठी आलेल्या बाईला गोड लागतो. इथल्या पोराला पोट असतं.

१९०१ च्या शिरगणतीत गावची वस्ती १९ हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती बारा-साडेबारा हजार. हद्दीतला फरक धरला तरी देशातली सगळी गावं फुगत असताना हे गाव आटत राहिलं. माणसं कुठे गेली ते सांगायला नको. आमच्याच घरातली मोजली तरी पुरे.

आई लग्न होऊन १९६२ साली बोटीने आली. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत यायची. बोटीचं नाव आईला ठाम आठवतं, 'चंपावती'. डेकवर चटई पसरलेली, शेजारी एका म्हातारीची कोंबड्यांची टोपली, आणि मालवण सोडल्यापासून आईच्या हातातलं लिंबू, ओकारी येऊ नये म्हणून हुंगायला दिलेलं. बोट बाहेर नांगर टाकून उभी राहायची. खाली पडाव यायचे, ते लाटेबरोबर वर चढत आणि खाली जात, आणि नेमका वर आला की त्या क्षणी पाऊल टाकायचं. हात धरायला खलाशी असायचा. आई सांगते, त्या खलाशाच्या मनगटावर रामाचं गोंदण होतं आणि नव्या नवरीला तेवढंच गावाचं पहिलं दर्शन झालं. आल्यावर आठवड्याने ती बंदरावर बोट सुटताना बघायला गेली. "बोटीर चडताना जो रडाक नाय असो एकय मनीस माका गावाक नाय," ती म्हणते. पोस्टातून मनिऑर्डर यायची, पावसाळ्यात बोट बंद व्हायची, आणि चार महिने गाव आपल्याआपल्यात राहायचं. हे मी शंभरदा ऐकलं आहे. या खेपेला ऐकताना मात्र माझं लक्ष त्या रडणाऱ्यांवरून हटलं. त्यांना सोडून धक्क्यावरून परत फिरणाऱ्या माणसांचं काय? ती माणसं घरी जाऊन म्हशीला पेंड घालत होती, नळाचं पाणी भरत होती, नगरपालिकेची घरपट्टी भरत होती. जाणाऱ्यांच्या नावाने किती रडून झालं. राहणाऱ्यांकडे आम्ही जाणाऱ्यांनी कधी वळून बघितलं?

वडील राहणाऱ्यांपैकी. तालुक्याच्या कचेरीसमोर त्यांचं एक टेबल होतं. ते अर्जनवीस होते. टेबल म्हणजे शिसवी फळी आणि तिला न जुळणारे चार पाय, वर निळ्या शाईची दौत, कार्बन पेपर, तिकिटं भिजवायला पाण्यात बुडवलेला स्पंज, आणि कागद उडू नयेत म्हणून दर्यावरून आणलेले दोन गुळगुळीत गोटे. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांना डबा घेऊन जायचे. परुळ्याची, म्हापणची, तुळसची, आरवलीची, शिरोड्याची माणसं सकाळच्या एस्टीने यायची. कोर्टाची तारीख, रेशनकार्डावर नाव चढवणं, कुळाची नोंद, वारस तपास. दुपारपर्यंत कचेरीच्या आवारात मळलेली धोतरं, पानाच्या पिंका, पिशव्यांतून डोकावणारी कागदांची भेंडोळी. तालुक्याचं ठिकाण म्हणजे काय हे मी तिथे शिकले. पन्नास गावच्या माणसांची भांडणं, जन्म, मरणं आणि जमिनी जिथे कागदावर चढतात ती जागा.

वडिलांच्या टेबलावर सगळ्यात जास्त यायचा तो सातबारा. कोकणातला सातबारा म्हणजे एका खाजणाच्या तुकड्यावर चाळीस नावं. त्यातली पंधरा मयत, दहा मुंबईत, दोन आफ्रिकेत, एकीचं लग्न होऊन नाव बदललेलं, आणि तीन माणसं ज्यांना कुणीच ओळखत नाही. बांधावरचा एक फणस तोडायचा तरी सगळ्यांची संमती हवी. वडील चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेत, बोटाने एकेका नावावर थांबत आणि पुटपुटत, "नाव आसा, मनीस नाय." पुढचं नाव. "नाव आसा, मनीस नाय." समोरचा शेतकरी मान हलवत बसलेला. मग कुठल्यातरी नावावर त्यांचं बोट टेकायचं, ते वर बघायचे आणि विचारायचे, "ह्यो आसा मा?" शेतकरी म्हणायचा, "तो मीच." तेव्हा वडिलांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते मला लहानपणी कळत नसे.

त्यांच्या पश्चात आमच्या घराच्या उताऱ्यावर भावाचं आणि माझं नाव लागलं. नाव आसा.

मिशनच्या दवाखान्यापाशी गेले की आणखी एक गोष्ट आठवते. अमेरिकन मिशनचे डॉक्टर गोहीन इथे होते. माझी आजी त्यांच्याबद्दल देवमाणसासारखं बोलायची. त्यांचा मुलगा १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यात जन्मला. पुढे तो अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात आला. ही गोष्टही मी पुष्कळांना सांगितलेली आहे. लाल चिऱ्याच्या भिंतीशी उभी राहून या वेळी मनात आलं की आजीला त्या राजदूताचं काहीच ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होते ते रात्री कंदील घेऊन माझ्या आत्येच्या बाळंतपणाला धावलेले हात.

दुसऱ्या आठवड्यात मी आईला म्हटलं, मला कचरा डेपो बघायचा आहे. तिला याचं नवल वाटलं नाही. शाळेतली पोरं सहलीला जातात, बाहेरगावचे अधिकारी येतात, तू का जाऊ नये, असं म्हणून तिने रिक्षावाल्याला फोन लावला. माझ्या लहानपणी कचरा टाकण्याची जागा म्हणजे नाकाला पदर लावून पळायची जागा. धूर, कावळे, कुत्री, प्लास्टिक जळल्याचा घशाला चिकटणारा वास. २०१५ च्या सुमारास रामदास कोकरे मुख्याधिकारी म्हणून आले आणि त्यांनी त्या जागेचं रूपच पालटलं, तिला स्वच्छ भारत पर्यटन स्थळ असं नाव दिलं. हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं, चार जणांना पाठवलंही होतं. प्रत्यक्ष गेले ती आता.

आत शिरताना पहिल्यांदा जाणवला तो वास नसणं. झाडं, फुलझाडं, झाडलेली वाट. शेडमध्ये बायका खाली बसून काम करत होत्या. घरोघर चार भाग होतात: ओला, सुका, प्लास्टिक, काच-धातू. पण तेवढ्याने भागत नाही. इथे आल्यावर त्याचे २७ प्रकार होतात. मी एका कोपऱ्यात उभी राहून बघत राहिले. औषधांची रिकामी पाकिटं एकीकडे, चपला एकीकडे, बाटल्यांची बुचं वेगळी आणि बाटल्या वेगळ्या, नारळाच्या करवंट्या, थर्माकोल, फाटक्या छत्र्यांच्या काड्या. एका बाईच्या पुढ्यात पेनांचा ढीग होता. ती एकेक पेन उचलायची, टोपण काढायची, आतली कांडी ओढायची, धातूचं टोक पिरगाळून काढायची, आणि तीन डब्यांत तीन वस्तू टाकायची. एका पेनाला पाचसहा सेकंद. मी मोजत बसले. वीस पेनं झाल्यावर मोजणं सोडलं. तिचा हात थांबत नव्हता, आणि तोंडाने ती शेजारणीला भाचीच्या साखरपुड्याचा बेत सांगत होती. पलीकडे प्लास्टिकचे तुकडे करणारं यंत्र होतं. ते तुकडे डांबरात मिसळून रस्त्याला वापरतात. पाल्यापाचोळ्याच्या कांड्या होतात जाळायला. ओल्या कचऱ्याचा गॅस होतो, त्यावर वीज. हे सगळं मला एका तरुण मुलाने उत्साहाने समजावलं. ऐकताना छाती भरून आली खरी, पण माझे डोळे त्या पेनांवरच होते.

मला वाटतं, गाव चालवणं म्हणजे हेच असावं. माझ्यासारखीने बघायला जाऊन भारावून जावं इतकं ते मोठं नाही. रोज सकाळी उठून पेनाची कांडी टोपणापासून वेगळी करण्याइतकं ते छोटं आहे, आणि ते एक दिवस चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट होतं. एका चांगल्या अधिकाऱ्याने सुरुवात केली हे खरं, त्याचं ऋण गाव मानतं. पण अधिकाऱ्याची बदली होते. नंतर ते राहिलं कुणाच्या जिवावर? माझ्या आईच्या दोरीवरच्या पिशव्यांच्या. आणि माझ्या तळहातावर त्रिकोण ठेवणाऱ्या त्या बाईच्या. शेडमध्ये मी तिला शोधलं, दिसली नाही. कदाचित तिचं काम फक्त गाडीवर असेल.

येताना रिक्षा क्रॉफर्ड मार्केटपाशी थांबवली. मुंबईकरांना हे नाव ऐकून नेहमी गंमत वाटते, पण आमचंही क्रॉफर्ड मार्केट आहे आणि जुनं आहे. संध्याकाळची रापणीची मासळी आलेली. पेडव्यांचा वाटा, वर दोन सौंदाळे. कोळणीने मला सोललेल्या बांगड्यासारखं आरपार बघितलं आणि आईचं नाव घेऊन विचारलं, पाय कसा आहे. मी कापडी पिशवी पुढे केली. पिशवी आईनेच हातात कोंबली होती, त्याबद्दल मला त्या क्षणी तिचे पाय धरावेसे वाटले.

घरी परतताना आमच्या वाडीतले बंद बेडे मोजले. नऊ घरांपैकी चार. कुलपांवर गंज, तुळशीवृंदावनात सुकलेली काडी, अंगणात आंब्याचा पाला घोट्यापर्यंत. ही घरं चतुर्थीला उघडतात. तेव्हा पाच-सात दिवस इथे रात्रभर दिवे, भजनं, पोरांचा आरडाओरडा, आणि मग एका पहाटे पुन्हा कुलपं. दोन घरांचं होम-स्टे झालं आहे, त्यांच्या गडग्याला रंग लागला, फाटकावर पाटी लागली. ते चांगलं की वाईट, मला ठरवता येत नाही. मांडवीच्या खाडीत बायकांनी स्वामिनी बचत गट काढून कांदळवनात पर्यटकांना होडीतून फिरवायला सुरुवात केली, ते मी बघून आले. खेकड्याची बिळं, कांदळाच्या जाती, पक्षी, सगळं त्या मालवणी लकबीत इतकं नेमकं सांगतात की ऐकत राहावं. वल्हं मारणाऱ्या बाईचे दंड बघून माझ्या मनात आलं, ही मासेमारांच्या घरची, हिची सासू पाट्या वाहत होती. हिने खाडी सोडली नाही आणि तीच खाडी हिला पोसते आहे. मग नजर बंद बेड्यांकडे जाते आणि वाटतं, अशा किती जणी इथे राहिल्या असत्या, पाय रोवायला थोडी जागा मिळती तर. मी तरी का गेले? अभ्यासात हुशार होते म्हणून. हुशार पोरांनी जायचं असतं असं सगळ्यांनीच धरलेलं होतं, वडिलांनीसुद्धा. सातबाऱ्यावर बोट ठेवून पुटपुटणाऱ्या माणसाने मला स्वतः एस्टीत बसवून दिलं. गाडी हलल्यावर ते स्टँडवर किती वेळ उभे राहिले, आणि परत जाऊन त्या दिवशी त्यांनी किती अर्ज लिहिले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात आई काठी टेकत अंगणात यायला लागली. पहिला वळीव पडला, चिऱ्याच्या गडग्याला तो लाल ओला वास आला, आणि काजूच्या झाडाखाली उरलेसुरले बोंडू कुजून आंबट-गोड घमघमाट सुटला. झाडं वडिलांनी फळ संशोधन केंद्रातून आणलेली, 'वेंगुर्ला-४'. परराज्यात काजू लावणाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी आमच्या गावाचं नाव असं नंबर लावून असतं. पावसाआधी ती सगळी बोंडं गोळा करून खड्ड्यात टाकायची असतात. मी दोन दुपारी वाकून ते केलं, पाठ दुखून आली. आईने पडवीतून बघितलं आणि काही बोलली नाही. रात्री मात्र माझ्या ताटात तिने न मागता कुळथाच्या पिठीवर तुपाची धार धरली.

घंटागाडी रोज यायची. आता मी बादल्या चार नेत होते. ती बाई रोज प्रत्येक बादलीत एकदा डोकावायची, अगदी वीतभर अंतरावरून, आणि रिकामी करायची. शाबासकी नाही की काही नाही. एकदा मी दोरीवरून काढलेल्या वाळल्या पिशव्यांची चवड तिच्या हातात दिली, कोपरे सगळे जागच्या जागी. तिने वरची पिशवी उचलून उजेडात धरली, कोपरा अंगठ्याने हलवून बघितला, आणि चवड प्लास्टिकच्या कप्प्यात ठेवली. त्या दिवशी मी तिच्याशी मालवणीत बोलले. पहिलं वाक्य जिभेवर अडखळलं, मग सुटलं. तिचं सासर दाभोलीकडचं, माहेर रेडीचं. मुलगी बारावीला. शास्त्र शाखेत, हुशार. पुढे काय करणार विचारलं तर म्हणाली, पुण्याला पाठवायचं म्हणतो आहे तिचा मामा. बोलताना तिचे डोळे अभिमानाने चमकले आणि लगेच बादलीकडे वळले. मी चांगलं आहे म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

निघायच्या दिवशी रात्रीची गाडी कुडाळहून होती. सकाळी दुधाची पिशवी मीच कापली, कात्री टोकाशी थांबवून. बॅग पडवीत काढून ठेवलेली बेड्यावरून दिसत होती. ती तिने पाहिली.

"चललात?"

"होय गे. रात्री."

"परत कदी येतालात?"

"चवथीक," मी म्हटलं.

तिने बादली ठोकून रिकामी केली, तळाला चिकटलेली पात हाताने काढली आणि बादली माझ्याकडे दिली. "चवथीक सगळेच येतत," ती म्हणाली, आणि घंटा वाजवत शेजारच्या बंद बेड्यावरून पुढे निघून गेली.